थोरल्या आयचं बेगे

जैतू आफ्रिकेतून घरी आला, पण डोकं तिकडेच विसरून आला, असं वाडीत बोललं जाऊ लागलं. त्याला कारण केळी. धडधाकट माणूस चांगली पिकलेली केळी खायची सोडून ती शिजवायला निघाला, तर लोक दुसरं काय म्हणणार?

खालापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत ही ठाकरवाडी. खोपोलीला वीज करायची म्हणून डोंगरावरून मोठाले नळ उतरवत होते, त्या कामावर जैतू गेला. तिथून कोणीतरी त्याला लढाईवर खेचरं हाकायला भरती केलं आणि बोटीत बसवून थेट आफ्रिकेला धाडलं. तिथे खेचरं माशी चावून पटापट मेली, आणि हाकायला काही उरलं नाही तेव्हा जैतूही तापाने फणफणून रस्त्याकडेला पडला. पलटण पुढे निघून गेली. कोणा एका म्हातारीने त्याला पाहिलं आणि हाताला धरून, जवळजवळ ओढतच, आपल्या घरी नेलं.

तिचं नाव जैतूच्या जिभेला कधी वळलं नाही. तो तिला थोरली आय म्हणे. तिचं घर केळीच्या बागेत होतं, आणि मागे एवढा उंच डोंगर की त्याच्या डोक्यावर बारा महिने बर्फ. हे शेवटचं वाडीने मुळीच खरं मानलं नाही. म्हातारीचा एकुलता लेक पलटणीची ओझी वाहायला गेला होता. तो परत आलेला नव्हता. त्याच्या जागेवर तिने जैतूला निजवलं, आणि अन्नाचा कण पोटात ठरेना तेव्हा केळी आणि नाचणी आंबवून केलेलं पेय भोपळ्याच्या पळीने घोट घोट पाजून त्याला जगवलं. तिकडे त्याला म्बेगे म्हणतात. एवढा जोडलेला उच्चार करायला वाडीला सवड नव्हती. वाडीने त्याचं बेगे करून टाकलं.

जैतू हिंडाफिरायला लागला, तिची भाषा त्याला अर्धीमुर्धी समजू लागली, आणि पलटणीचे लोक एक दिवस त्याला न्यायला आले. निघताना म्हातारीने एकच मागणं मागितलं. घरी पोचलास की बेगे कर, आणि माझ्या लेकाच्या नावाने जमिनीवर धार सोड. माझ्या हाताने ती सोडवत नाही. जैतू हो म्हणाला.

हो म्हणणं सोपं होतं. इकडे येऊन बघतो तर बेगे काही जमेना. पहिल्यांदा त्याने रानकेळी आणली. त्यात गर बोटभर आणि बिया पसाभर. दुसऱ्यांदा सगळं आंबलं, पण चव पोरांच्या औषधासारखी गुळमट आली. म्हातारी त्यात कसल्यातरी झाडाची कडू साल घालायची, ते झाड इकडे कुठे सापडायचं? म्हणता म्हणता वर्ष गेलं. जैतू उठता बसता म्हणायचा, "थोरली आय तितं वाट बगत आसंल, नि मी हितं बसलोय केळी नासवीत."

त्याची बायको बुधी तोंडाने तिखट होती, पण या एका बाबतीत ती नवऱ्याला कधी टाकून बोलली नाही. जिने आपला माणूस मरणाच्या दारातून ओढून काढला, तिचे पाय धरायला आपल्याला जाता येत नाही, याची तिला फार रुखरुख होती. आंघोळ झाली की ती मावळतीकडे तोंड करून हात जोडायची. आफ्रिका तिकडेच कुठेतरी आहे असं जैतूने सांगितलं होतं. कडू सालीचा तिढाही तिनेच सोडवला. कुड्याची साल पोटदुखीवर वाडीत सगळेच उगाळून घेतात. "याहून कडू तितं काय दुसरं आसनार?" म्हणत तिने ती पुढे केली, आणि जैतूने चाखून मान डोलावली.

मग दोघं हात धुऊन मागे लागली. जैतू चौक गावच्या बागाईतदार नानांच्या बागेत पाणी लावायला राहिला आणि मजुरीत त्याने केळीचे घड मागून घेतले. बुधीने घरातली होती नव्हती ती नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, वाळवून दळली. केळी शिजवून मडक्यात आंबायला घातली. नाचणीची पातळ पेज करून, निववून, त्यात मिसळली. सालीचा काढा घातला. मडक्याला कान लावला की आत चुरचुर ऐकू यायची. जैतूने वास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ह्योच," तो म्हणाला. "आगदी ह्योच वास."

धार सोडायची तर घरचं माणूस जवळ हवं. म्हणून तो शेलूच्या अंगाला दिलेल्या बहिणीला आणायला गेला. म्हाताऱ्या पोशालाही सांगून गेला. वाडीत मेलेल्या माणसाच्या नावाने धार सोडायचा मान पोशाचा, आणि उरलेलं संपवायचाही.

जैतूची पाठ वळली आणि बुधीने मडक्यावरचं फडकं काढलं. आत गढूळ, फेसाळलेला राडा. आता, वाडीत मोहाची फुलं भिजत घातली की तीही अशीच फसफसतात, पण म्हणून ती कोणी पीत नाही. ती चुलीवर चढवायची, वाफ गार करायची, आणि थेंब थेंब गळतं ते प्यायचं. तसला राडा जसाच्या तसा देवापुढे ठेवला तर देव उठून जाईल. बुधीला वाटलं, जैतूने तिकडे आयतं पिण्यापलीकडे काय केलं असणार? निम्मं काम तो विसरला आहे. विसरला तर विसरला, आपण कशाला आहोत!

अबकारीच्या शिपायाची नजर चुकवून तिने सगळा सरंजाम ओढ्यावर नेला आणि दिवसभर धुराने डोळे लाल करून घेत बेगे गाळून काढलं. एक बाटली भरली. पाण्यासारखी स्वच्छ. चोथा कोंबड्यांना टाकला.

जैतू बहिणीला घेऊन आला तेव्हा तिने मोठ्या तोऱ्यात बाटली पुढे केली.

"ह्ये काय?"

"बेगे! पयल्या धारंचं!"

जैतूने मडक्यात वाकून पाहिलं. कोरडं ठणठणीत. "आगं, त्ये गढूळच आसतंय! तसंच प्यायचं आसतंय! मिशीला फेस लागाया पायजे!"

"मंग आदी सांगायचं हुतंस! माज्या बापानं कदी फेस प्यालाय?"

भांडण जुंपलं, पण रंगलं नाही. नानांच्या बागेतली केळी संपली होती, घरातली नाचणी संपली होती. जैतू उंबऱ्यावर डोकं धरून बसला. बुधी आत तोंडात पदर कोंबून रडली. थोरल्या आयचं एक मागणं, तेही आपल्या हाताने चुलीत गेलं.

एवढ्यात पोशा आला. त्याने बाटली उजेडात धरली, बूच काढून वास घेतला, आणि त्याचा चेहरा खुलला. "आरं, केळीचीच हाय ना? त्या आयच्याच नावानं केली ना? मंग रडताय कशाला? आन वाटी. नाव काय पोराचं?"

"किमारो," जैतू म्हणाला.

पोशाने वाटी भरली आणि अंगणात उकिडवा बसला. दोन वर्षांपूर्वी, जैतूची काही खबर नव्हती तेव्हा, हाच पोशा याच अंगणात जैतूच्या नावाची धार सोडायला आला होता. बुधीने त्याला जळतं लाकूड घेऊन पिटाळलं होतं. ती आत्ता बाहेर आली आणि तिने पोशाचं मनगट धरलं.

"त्याला मेलेला कोनी बगितलाय?"

"नाय," जैतू म्हणाला. "पन आयनंच सांगितलंय वतायला."

"दमली आसंल ती. एकली बाई, कुटवर बगंल वाट? ह्याच्या नावाची बी वतायला आलं हुतं सगळं. वतू दिली असती म्या, तर?"

पोशाने मान खाली घातली. बुधीने त्याच्या हातातली वाटी घेतली आणि एक थेंबही न सांडता बाटलीत परत ओतली.

"तुजं फेसाचं दोन दिसांत नासलं असतं. ह्ये नाय नासत. त्यो येईस्तवर ऱ्हाईल."

"आगं याडे, मदी समिंदर हाय. त्यो हितं कशाला यील?"

"नको यीना हितं. तिच्या घरी जाऊ दे. तिनं माजा मानूस सांबाळला. आता तिच्या मानसाची वाट मी बगते."

जैतूने तिच्याकडे पाहिलं आणि आफ्रिकेतून आल्यापासून पहिल्यांदा तो मोकळेपणी रडला. बहीण त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बुधी बूच घट्ट बसवून बाटली घेऊन घरातल्या माळ्याकडे निघाली.

"उंच ठेव गं," पोशा मागून म्हणाला, "माजा हात पुरनार नाय तितं."