सहाव्या भागातली सहावी मुंगी

काशिराम आपल्या लग्नाच्या दिवशी मुंगी झाला होता.

हसलात ना? झालं तर मग, सगळं घोडं इथंच पेंड खातं. अडतीस वर्षं तो बिचारा ही हकीकत सांगायला बघत होता आणि अडतीस वर्षं लोक ‘मुंगी’ म्हटलं की फुटत होते. एकदा हसण्याची उकळी फुटली की पुढचं ऐकतो कोण! भावकी हसली, व्याही हसले, विचुंब्याला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आल्यावर बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा हसला. गोष्ट ‘मुंगी’च्या पुढे कधी सरकलीच नाही.

हसायची नाही ती एकटी गोदूबाई, त्याची बायको. तिचं बरोबरच होतं म्हणा. उरणच्या खाडीकाठी, वैशाखात, भर दुपारी ती हळदीच्या अंगानं मांडवात बसून राहिली होती. बाराचा मुहूर्त टळला, जेवणाच्या पंगती उठल्या, भटजी खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागले, आणि नवरदेवाचा पत्ता नाही. पाच वाजता काशिराम उगवला. कमरेपर्यंत चिखल, तोंडाला काळं फासलेलं. सगळ्या गावासमोर म्हणाला, “मी मुंगी झालो व्हतो.”

लग्न लागलं, संध्याकाळच्या मुहूर्तावर लागलं. संसार झाला, कल्पेश झाला, कल्पेशला बंदरात नोकरी लागली. पण एकदा काशिरामनं तिला बहिणीशी बोलताना ऐकलं होतं. “मी पसंत नव्हते गो त्यांना,” गोदूबाई म्हणत होती, “पलाले व्हते. मंग गावाच्या भयानं परत आले.” आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. त्या दिवसापासून काशिरामला एकच ध्यास, मरायच्या आधी हिला खरं पटलं पाहिजे.

खरं काय ते तुम्हाला सांगतो, पण हसायचं नाही. त्या काळी टीव्हीवर दर रविवारी ‘सातव्या सूर्यापलीकडे’ नावाची मालिका लागायची. एक शास्त्रज्ञ, त्याची पुतणी आणि पत्र्याचं यान. दर आठवड्याला नवा ग्रह. सहाव्या भागात त्यांना माणसाएवढ्या मुंग्यांच्या ग्रहावर उतरायचं होतं, आणि तो ग्रह म्हणजे आमची खाडी. मुंबईहून आणलेल्या नटांना मुंग्या करून ओहोटीच्या चिखलात सोडलं, तर ते पहिल्याच पावलाला मांड्यांपर्यंत रुतून आईच्या नावानं रडायला लागले. मग दिग्दर्शकानं कोळी पकडले. पाच पलीकडच्या गावातले, सहावा काशिरामचा दोस्त बळीराम. हळदीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे लग्नाच्याच दिवशी, पहाटे हा बळीराम पोट धरून काशिरामच्या दारात उभा. “तासाभराचं काम हाय, माज्या जागी जा. सहा मुंग्या नसल्या तं तो सायेब शूटिंगच मोडील.” हळद लागलेल्या नवऱ्यानं उंबरा ओलांडायचा नसतो, हे काशिरामला काय ठाऊक नव्हतं? पण दोस्ताचं तोंड बघवेना. गेला. वेताचा सांगाडा, त्यावर डांबर फासलेलं गोणपाट, चार जादा पाय, डोक्याला हेल्मेट आणि डोळ्यांच्या जागी चहाच्या गाळण्या. झाला मुंगी.

इथपर्यंत गोष्ट नेहमी यायची. साक्षीला बळीराम, आणि बळीराम म्हणजे शुद्धीत असला तरी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. राहिला पुरावा टीव्हीचा. तर ज्या रविवारी सहावा भाग लागायचा, त्याच्या आदल्या रात्री कोणीतरी मोठा पुढारी वारला आणि दिवसभर पडद्यावर सारंगी वाजत राहिली. पुढच्या रविवारी थेट सातवा भाग. नशीब फुटकं असावं, पण इतकं?

आता हे जुनं मढं उकरलं कोणी, तर खुद्द गोदूबाईनं. खांदा कॉलनीच्या बाजारात ती मासळी विकते. काशिराम स्कूटरवरून बर्फ आणून देतो, आणि त्याला यायला जरा उशीर झाला की ती गिऱ्हाइकांसमोर सुरू होते. त्या दिवशीही झाली. “आले बगा! यांना उशिराची सवयच हाय. लग्नाच्या दिवशी हे खाडीत मुंगी झालते.”

समोर बोंबील घेणारा एक चष्मेवाला गिऱ्हाईक होता. त्याच्या हातातून पिशवीच सुटली. मांजरांची चंगळ झाली, पण त्याचं लक्षच नव्हतं.

“खाडीतली मुंगी?” तो म्हणाला. “काका, सहावा भाग?”

हा निनाद. राहणार खारघर, नोकरी कॉम्प्युटरची, आणि वेड या मालिकेचं. त्याच्यासारखे आणखी वीस-बावीस जण होते, कोणी डॉक्टर, कोणी बँकेत. सहावा भाग कोणीच पाहिला नव्हता, म्हणून त्यांची सगळी भक्ती सहाव्यावरच. त्यांच्याकडे होता फक्त वर्तमानपत्रातला एक धुरकट फोटो, काळापांढरा. त्यात एका मुंगीच्या हातात काहीतरी लांबट होतं आणि त्याच्या टोकाला एक गोळा. या मंडळींनी त्याला नाव ठेवलं होतं ऊर्जागोल. निनादनं ऊर्जागोलावर चाळीस पानी निबंध लिहिला होता. एवढ्यावर भागलं नाही म्हणून दंडावर तो गोळा गोंदवूनही घेतला होता. त्यानं भर बाजारात बाही वर करून दाखवला.

“पुण्याच्या एका कॅमेरामनच्या माळ्यावर टेप सापडली,” निनाद सांगायला लागला. “मागच्याच महिन्यात. साफ करून घेतलीय. कोणी बघितली नाही अजून, सगळ्यांनी एकत्र बघायची असं ठरलंय. येत्या रविवारी दुपारी, इथंच कॉलनीच्या हॉलमध्ये. काका, तुम्ही प्रमुख पाहुणे!”

काशिरामला बर्फाच्या लादीवरच बसावंसं वाटलं. त्यानं बायकोकडे बघितलं. गोदूबाईनं कोयत्यावरचं पाणी झटकलं.

“मी पन येनार,” ती म्हणाली. “दिसलात तर मानीन.”

रविवारपर्यंत काशिरामच्या घशाखाली घास उतरेना. कल्पेश म्हणाला, “पप्पा, आता तर पुरावाच हाय, कशाला घाबरता?” अरे बाबा, सहा मुंग्या, सहाही एकाच गोणपाटाच्या! तोंड हेल्मेटात. कोणती मुंगी आपली हे त्याला स्वतःला तरी ओळखू येणार होतं का? आणि नाही दाखवता आलं तर? आतापर्यंत निदान ‘टेप मिळाली असती तर’ असं म्हणायची सोय होती. आता तीही जाणार.

हॉलवर पोचले तर तिथं वेगळीच जत्रा. डॉक्टरबाईंच्या डोक्याला तारेच्या मिशा होत्या. बँकेतले एक सद्गृहस्थ, वय पन्नासच्या पुढे, चार जादा पाय लावून आले होते आणि त्यांना खुर्चीत बसता येत नव्हतं. “तसं बसता येतच नाय,” काशिराम अनुभवानं म्हणाला, “एका अंगावर झोपा.” ते धन्य झाले आणि सतरंजीवर एका अंगावर झोपले. कोणी काशिरामच्या पाया पडलं. कोणी विचारलं, मुंग्यांचं तत्त्वज्ञान नेमकं काय होतं? काशिराम म्हणाला, “लवकर घरी जायाचं.” ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

गोदूबाई नऊवारीचा पदर खोचून पहिल्या रांगेत बसली. दिवे गेले.

पडद्यावर खाडी दिसली. तीच खाडी. आता तिथं कंटेनरचे डोंगर आहेत. शास्त्रज्ञ आणि पुतणी यानातून उतरली, पुतणीच्या चपला चिखलात राहिल्या. मग तिवरांच्या झाडीमागून मुंग्या आल्या, एकामागून एक, सहा. हल्ल्यासाठी पाण्यात उतरायच्या आधी पहिली मुंगी वाकली, तिनं पाण्याला हात लावला आणि कपाळाला नेला.

“विधी!” हॉलमध्ये कोणीतरी किंचाळलं.

काशिरामच्या आशेला पालवी फुटली. त्यानं बायकोचा हात धरला. “बगितलंस? दर्याला पाया पडतोय, तो मीच!” तेवढ्यात दुसरी मुंगी वाकली. मग तिसरी. चौथी, पाचवी, सहावी. साहीजणींनी पाण्याला हात लावून कपाळाला नेला. कोळीच ते, न पाया पडता पाण्यात पाय घालतील होय?

“सगलेच तुमी का?” गोदूबाईनं विचारलं आणि हात सोडवून घेतला. काशिराम खुर्चीत खचला. मेलो, त्याला वाटलं. आता ही जन्मभर तसंच समजणार.

पडद्यावर लढाई पेटली. शास्त्रज्ञानं टॉर्च रोखला, त्यातून ढॅण्ण आवाज आला आणि मुंग्या मरायला लागल्या. सहाव्या मुंगीनं हात वर केला. हातात ते लांबट शस्त्र, टोकाला गोळा. आणि हा फोटो नव्हता, ही रंगीत टेप होती. गोळा पिवळाधमक होता.

“ऊर्जागोल!” अख्खा हॉल उभा राहिला. निनाद तर रडायलाच लागला.

“कसला गोल मेला,” गोदूबाई मोठ्यानं म्हणाली. “लिंबू हाय त्यो!”

उभे राहिलेले सगळे तिच्याकडे वळले.

“मावशी,” निनाद समजुतीच्या सुरात म्हणाला, “तो ऊर्जा...”

“लिंबू हाय! सुरीला लावलेला लिंबू. हलद लागली की नवऱ्याच्या हातात देतात ती सुरी. लगीन लागेपर्यंत हातातून सोरायची नसते, बाधा होते.” ती उभीच राहिली होती. प्रोजेक्टरच्या उजेडात तिची सावली मुंग्यांवर पडली, पण बाजूला व्हायला सांगायची कोणाची छाती नव्हती.

काशिरामला एकदम आईचा आवाज ऐकू आला, सुरी हातातून सुटली तर बघ. दिग्दर्शकही आठवला, ‘हातातलं ते फेक’ म्हणून बोंबलणारा. आणि पुढचं सगळं आठवलं. विसरला नव्हताच तो. कोणी ऐकलंच नव्हतं.

पडद्यावर सहावी मुंगी मेली. नीट, सांगितल्याप्रमाणे मेली. पण पडताना हात आपटला आणि सुरीच्या टोकाचं लिंबू निसटून चिखलात गेलं. शास्त्रज्ञ पुढे उभा राहून विश्वशांतीवर लांबलचक भाषण करत होता. त्याच्या मागे पाच मुंग्या निपचित पडल्या होत्या, आणि सहावी, मेलेली, गुडघ्यांवर बसून चिखल चिवडत होती. चार जादा पाय लटपटत होते. भाषण संपलं, यान उडालं, बाकीच्या मुंग्या उठून होडीकडे निघाल्या, कोणीतरी कॅमेरा बंद करायला विसरलं. भरतीचं पाणी वर चढत होतं. होडीतून हाका ऐकू येत होत्या. सहावी मुंगी जागची हलली नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती हात खुपसून खुपसून लिंबू शोधत होती. होडी निघून गेली, आणि तिथं टेप संपली.

कोणीतरी दिवे लावले. निनाद आपल्या दंडावरच्या लिंबाकडे बघत बसला होता. चार जादा पायांचे सद्गृहस्थ सतरंजीवरून उठायचा प्रयत्न करत होते, पण मदतीला कोणी गेलं नाही. सगळे गोदूबाईकडे बघत होते.

ती खाली बसली. पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले, नाक शिंकरलं.

“पलून जानारा मानूस लिंबू शोधत नाय बसत,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. मग नवऱ्याकडे वळली. “मिललं का?”

“नाय.”

“येडे आहात तुमी. मांडवात टोपलीभर लिंबं व्हती.”

“पन आईनं दिलेलं तेच व्हतं ना,” काशिराम म्हणाला. “तेच सुटलं तर अपशकुन. तुला काय झालं असतं म्हंजे?”

गोदूबाईनं खुर्ची जवळ सरकवली. मग तिनं त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, मासळीच्या वासाच्या आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हणाली, “मंग? मुंगी झालात, लिंबू हरवला. पुढं काय झालं?”

अडतीस वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. काशिरामनं तोंड उघडलं आणि त्याला कळेना की आता सुरुवात कुठून करायची. पुढची गोष्ट त्यानं कधी मोठ्यानं सांगितलीच नव्हती.

“पानी भरत व्हतं,” तो म्हणाला.