दादाच्या धडधाकट दाढा

दादाने आजवर दोन चांगल्या दाढा उपटून घेतल्या होत्या आणि आज तिसरीची पाळी होती. दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या बाकावर तो डोळे गच्च मिटून बसला होता. मी दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"बस ना जरा गप. दाढ माझी दुखतेय."

दाढ कसली डोंबलाची! आधी त्याच्या डोळ्यांपुढे नागमोडी रेघा, मग अर्ध्या डोक्यात घणाचे घाव. मला हे पंधराव्या वर्षापासून पाठ आहे. पण आमच्या घरात अर्धशिशी एकट्या माझ्याच वाट्याची. मी बाईमाणूस, त्यात हळवी, काळजीखोर, म्हणून माझं डोकं दुखतं, असं आईपासून आत्यापर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलंय. दादा पडला खंबीर गडी, गोदामातला मुकादम. त्याला असलं बायकी दुखणं होईलच कसं? या खंबीर गड्याने आज निघताना गॅसचं बटण तीनदा तपासलं आणि कुलूप चारदा ओढून पाहिलं, ते सोडा.

डॉक्टर दोन्ही वेळा म्हणाले होते, दाढ किडलेली नाही. हा म्हणाला, काढाच.

टेबलापाशी बसलेल्या बाईंनी रेडिओचा आवाज वाढवला. दादा कळवळला.

"तो बंद करायला सांग."

"रेडिओनं दाढ दुखते होय रे?"

तेवढ्यात आतून हाक आली, "चला, दाढवाले!"

दादा भिंत धरून उठला. मी दार अडवून उभी राहिले.

"चांगली दाढ आहे, दादा. एकदा खरं बोल ना. कोण खाणार आहे तुला?"

"हसतील."

"कोण हसेल?"

"मी नाही हसायचो तुला?"

हसायचाच. मी खिडक्या लावून पडले की "नाटक कंपनी आली" म्हणत रेडिओ मोठा करायचा. चौदा वर्षं. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, उपटू दे, भोग म्हणावं. मी दारातून बाजूला झाले.

तो आत गेला नाही. उंबऱ्याशीच थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डॉक्टर, दाढ नाही. डोकं दुखतंय माझं. हिच्यासारखंच."

बाकावरचा एक जण फिसकन हसला.

मी टेबलापाशी गेले आणि न विचारता रेडिओ बंद केला.