मेंढी नव्हे, अजगर

मी स्पड बोलतोय, ऑस्ट्रेलियातल्या कनामुला गावच्या क्लेम पॅस्कोचा पाळलेला अजगर. अजगर म्हटल्यावर दचकू नका. ही गोष्ट घडली तेव्हा मी बुटाच्या नाडीएवढा होतो, आणि तेवढ्याशा जिवाला वाटतं की सगळं जग आपल्याला गिळायलाच टपलंय.

माझा जन्म शार्लव्हिल गावचा. तिथे ट्रुडी नावाची बाई अजगरांची पैदास करते. अंड्यातून डोकं बाहेर काढलं त्याच दिवशी मी तिच्या अंगठ्याला चावलो. तिने माझ्या डब्यावर चिठ्ठी लावली, 'तापट'. तापट कसला, घाबरट होतो मी! पण भीती लपवायला राग फार उपयोगी पडतो, हे माणसांनाही ठाऊक आहे.

मला विकत घेतलं क्लेमच्या बायकोने, नोरीनने. एक्केचाळीस वर्षं वाकून मेंढ्यांची लोकर कातरता कातरता क्लेमची कंबर कामातून गेली होती. लोकर कातरायच्या शेडमधलं काम सुटलं तसा तो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला आणि बोलेनासाच झाला. नोरीनने अजगर पाळायचा परवाना काढून फ्रिजवर चिकटवला आणि माझा डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"घे. निदान याच्यावर तरी ओरड," ती म्हणाली.

ट्रुडीने महिनाभराची मुदत दिली होती. जत्रेच्या शनिवारी ती गावात येणार होती. तोवर मी माणसाळलो नाही, तर मला परत नेऊन दुसरं गरीब स्वभावाचं पिल्लू देणार होती.

पहिल्याच दिवशी क्लेमने डब्यात वरून हात घातला आणि मला गच्च पकडलं. वरून येतो तो सापाची पिल्लं गिळणाऱ्या कुकाबुरा पक्ष्याची चोच घेऊन, एवढं मला जन्मतःच माहीत. मी कडाडून चावलो.

"आई गं! च्यायला, दात आहेत की सुया?"

"इतकं आवळतोस कशाला त्याला?" नोरीन म्हणाली.

"अगं, घट्ट धरलं की गप्प बसतं जनावर. दिवसाला दीडशे मेंढ्या धरल्यात मी!"

"मग याचीही लोकर काढ आता."

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी चपळाईने धरलं, मी आणखी चपळाईने चावलो. तिसऱ्या दिवशीही तेच. दोन आठवड्यांत त्याच्या बोटांवर इतक्या पट्ट्या झाल्या की चहाचा कपही नीट धरता येईना. पण एक झालं, गडी बोलायला लागला. दिवसभर मला शिव्या द्यायचा, आणि नोरीन स्वयंपाकघरात हसायची.

शेवटी तीच त्याच्यासमोर उभी राहिली. "क्लेम, ही मेंढी नव्हे. मेंढीला तू ओढून आणायचास. याला जरा स्वतःहून येऊ दे की."

 त्या संध्याकाळी क्लेमने आपली कातरणीच्या वेळची जुनी लोकरी बंडी माझ्या डब्यात ठेवली. तिला मेंढीच्या तेलाचा, घामाचा, तंबाखूचा वास होता. मी जीभ लपलपवली आणि बंडीच्या काखेत वेटोळं करून झोपलो. मग रोज दुपारी तो डब्यात हात उताणा ठेवायचा, रेडिओवर क्रिकेट ऐकत बसायचा आणि मला शिवायचासुद्धा नाही. मी त्या हाताकडे नुसता बघत राहायचो. हाताला बंडीसारखाच वास होता.

जत्रेचा शनिवार आला आणि माझं नशीब बघा, नेमकी माझी कात सुटायला आली! डोळ्यांवर दुधी पडदा चढलेला, काहीच धड दिसेना. अशा वेळी आम्ही भलतेच चिडखोर होतो. ट्रुडीने वरून हात आणला आणि मी फस्सकन झेपावलो.

"अजून तसाच आहे की हा! जाऊ दे क्लेम, हे दुसरं घे. एकदम गाय आहे."

डबा उचलला गेला.  मला जायचं नव्हतं हो! ती बंडी, ती क्रिकेटची कुरकुर, त्या शिव्या, सगळं माझं झालं होतं.

"थांब जरा," क्लेम म्हणाला.  त्याने डबा खाली ठेवून घेतला, हात उताणा केला आणि बंडीशेजारी टेकवला.

 टेबलावरचा तिघांचा चहा निवला असेल, कारण मी बराच वेळ घेतला. दिसत नव्हतं, पण जिभेला वास कळत होता. मी आधी हनुवटी टेकवली, मग मानेचा भाग, आणि मग सगळाच त्या खरबरीत तळहातावर चढलो. तिथून मनगट, आणि सरळ शर्टाच्या बाहीत.

ट्रुडीने तिचा दुसरा डबा मुकाट्याने बंद केला.

क्लेम हललासुद्धा नाही. बाहीकडे बघत म्हणाला, "नोरीन, एक्केचाळीस वर्षांत एकही मेंढी माझ्याकडे स्वतःहून आली नाही गं."

आज मी सहा फुटी आहे. बाहीत मावत नाही, म्हणून क्रिकेट असलं की त्याच्या दुखऱ्या कमरेवर पसरतो. माझा थंडावा कमरेला बरा वाटतो, म्हणतो तो.

तुमच्या घरी असं चावरं पिल्लू आलं, तर त्याला वरून धरू नका. हात उताणा ठेवा आणि चहा निवू द्या.