चार नंबर टेबलाचं बीपी

उज्वला फिजिशियन असिस्टंट होती, आणि पिंपळगाव बसवंतात हे नाव कुणाच्या तोंडात बसेल तर शपथ! कुणी तिला सिस्टर म्हणे, कुणी डॉक्टरीणबाई. एकदा तिने नुसतं 'पीए' सांगून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी एक आजोबा रेशनकार्डाचं काम घेऊन दवाखान्यात हजर. पीए म्हणजे आमदारांचीच असणार की! डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासायचे, औषधं चालू ठेवायची आणि सोडली तर मागे लागायचं, हे आपलं काम, असं तिने त्यांना नीट समजावलं. आजोबा मान हलवत उठले आणि जाताना अर्ज टेबलावर ठेवूनच गेले.

पण तिने द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये जे सुरू केलं होतं, ते मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. हंगामात तिथल्या बायका सकाळपासून कात्रीने घड साफ करत उभ्या असतात. दवाखान्यात यायचं तर दिवसाची हजेरी बुडणार. मग बीपीच्या गोळ्या सुरू व्हायच्या आणि महिन्याभरात बंद पडायच्या. उज्वलाने विचार केला, बाई येत नाही ना, मग दवाखानाच टेबलापाशी नेऊ. दर बुधवारी ती मशीन घेऊन जायची. बाकीच्या दिवशी प्रत्येक टेबलावरची एक बाई बाकीच्यांवर नजर ठेवायची. जेवणाची घंटा झाली, डबा खाल्ला, गोळी घेतली. इतकं सोपं. तीन महिन्यांत रजिस्टरमधले आकडे असे उतरले की दवाखान्याचे व्यवस्थापक धनराज सर चष्मा पुसून पुसून बघत बसले.

आणि मग ती बातमी आली. फिजिशियन असिस्टंटनी लोकांमध्ये जाऊन चालवलेल्या नव्या उपक्रमांचा सन्मान करणारी नाशिकची एक संस्था होती. तिच्या यादीत उज्वलाचं नाव पहिल्या पाचांत होतं! फक्त एक परीक्षक प्रत्यक्ष बघून जाणार होत्या. धनराज सरांनी आडपडदा ठेवला नाही. सन्मान मिळाला तर दवाखाना चालवणारा ट्रस्ट पुढच्या हंगामात आणखी बारा पॅकहाउसना हो म्हणेल. नाही मिळाला तर एप्रिलपासून उज्वलाने गुपचूप ओपीडीत बसायचं, उपक्रम बंद.

परीक्षक मॅडम आल्या त्या मंगळवारी. साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या, हातात वही. उज्वलाने त्यांना थेट चार नंबर टेबलाकडे नेलं. ते टेबल तिचा अभिमान होतं. तिथे कुसाबाईंचा कारभार. त्यांच्या टेबलावर गोळी चुकवायची कुणाची छाती नव्हती.

कुसाबाईंचं बीपी निघालं एकशे सत्तर, खालचं शंभर.

उज्वलाला वाटलं, मशीन बिघडलं. तिने पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, तर एकशे बारा. मशीन ठणठणीत. कुसाबाईंना पाच मिनिटं बसवून परत मोजलं, तरी तेच. दुसरी बाई, तिसरी, चौथी... आठांपैकी सहा जणींचं वर. धनराज सर तिच्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले की आत गारठा आहे, बायका घाबरल्यात, हे आकडे नका धरू, उद्या बुधवार आहेच. रजिस्टर उघडं होतं, पेन उज्वलाच्या हातात होतं. मॅडम बघत होत्या.

उज्वलाने सहाही आकडे जसेच्या तसे लिहिले. मग कुसाबाईंसमोर जाऊन बसली.

"कुसाबाई, गोळी घेतली होती?"

"नाय."

"का?"

"काल सोमवार, आज अंगारकी. आम्हा सहा जणींना उपास. तुम्हीच म्हणल्या व्हत्या ना ताई, डबा खाल्ल्याबिगर गोळी नाय? मग! ही पूजा घेत व्हती निसत्या पाण्यासंगं. म्या डबीच काढून घेतली तिची."

शेजारच्या पूजाने तक्रार करावी तशी मान डोलावली.

उज्वलाने बोटांवर वार मोजले. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर चतुर्थ्या आणि एकादश्या. आणि ती स्वतः यायची बुधवारी, जेव्हा इथे कुणाचाच उपास नसतो! तीन महिने ती आठवड्यातला सगळ्यात गोड दिवस मोजत होती.

ती उठून मॅडमकडे वळली. धनराज सरांनी डोळ्यांनी नको नको केलं, तरी बोललीच. "मॅडम, यांची चूक नाही. जेवणानंतर गोळी, हे मी लक्षात राहावं म्हणून सांगितलं होतं. उपासाचा विचारच केला नाही. माझ्या रजिस्टरमध्ये फक्त बुधवार आहेत. ते आकडे अर्धेच खरे आहेत."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

मग उज्वलाने दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, सहा जणींना बसवून पाण्यासोबत गोळ्या दिल्या आणि सगळ्यांना सांगितलं की तुमच्या या बीपीच्या गोळीला जेवण लागत नाही. साखरेच्या गोळीचं वेगळं असतं, ती ज्यांना आहे त्यांनी उपासाआधी मला विचारायचंच.

कुसाबाई विचारात पडल्या होत्या. "मंग घंटा बदला की," त्या म्हणाल्या. "जेवणाची कशाला? सकाळी धाचा चहा येतो. चहा तर उपासाला बी चालतो. चहासंगं गोळी. रोज!"

टेबलाभोवती एकदम गलका झाला. पूजा म्हणाली, आता डबी तरी परत द्या. कुसाबाईंनी ओच्यातून काढून दिली.

तेवढ्यात मॅडमनी वही मिटली, खुर्ची ओढून घेतली आणि स्वतःचा दंड पुढे केला. एकशे चौसष्ट. त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. ती अंगारकीमुळेच सकाळपासून तशीच राहिली होती!

"अहो, मी सदतीस वर्षं डॉक्टर आहे," त्या पुटपुटल्या.

कुसाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "घ्या ताई. लाजायचं नाय. आमी बी तशाच."

अकरा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. उपक्रमाची निवड झाली होती, आणि सोबत एक अट होती: यापुढे आठवड्याच्या सगळ्या वारांचे आकडे पाठवावेत. धनराज सर ते पत्र घेऊन उज्वलाला शोधत सगळा दवाखाना फिरले. ती नव्हतीच. शनिवार होता, मारुतीचा उपास, आणि ती मशीन घेऊन साडेनऊलाच पॅकहाउसकडे निघून गेली होती.