बापांचं रक्त

घानातल्या कुमासी शहरातल्या सिकलसेल दवाखान्यात बापांना बोलवायची कल्पना सेर्वाची. ती तिथली जुनी नर्स. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, आजार निघाला तर तान्हेपणापासूनच औषध सुरू करायचं आणि त्याचा मुलांना कितपत उपयोग होतो हे वर्षानुवर्षं तपासत राहायचं, असा तो संशोधनाचा कार्यक्रम होता. पण यायच्या त्या फक्त आया. घरी गेल्या की सासू म्हणायची, आमच्याकडं असलं काही नाही, हे तुझ्याच माहेरचं. मग बाई खचायची आणि औषध बंद पडायचं. दोघांचंही रक्त तपासलं तर दोष एकटीच्या माथी येणार नाही, असं सेर्वानं सुचवलं. कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. दांक्वांना ते पटलं.

पहिल्या बापांत ओपोकु होता. शहरात त्रोत्रो, म्हणजे भाड्याची प्रवासी व्हॅन, चालवायचा. सकाळच्या भरगच्च फेऱ्या सोडून लेकीला, ओहेमाला, पाठीला बांधून यायचा. पुरुषानं मूल पाठीशी बांधलेलं बघून बाकावरच्या बायकांना हसू आवरायचं नाही.

"बायकोनं कामाला ठेवलंय काय रे तुला?" एकीनं विचारलं.

"हो ना आंटी. सुट्टीसुद्धा देत नाही."

त्याचा निकाल आला तेव्हा सेर्वानं तो दोनदा वाचला. आजाराचा अंशही नव्हता. ओहेमाला झालेला आजार तर आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय होत नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिनं यंत्राचं निमित्त सांगून त्याचं रक्त पुन्हा घेतलं. तेच आलं. दुसऱ्या एका रक्तदोषामुळं असा चकवा होतो म्हणून डॉक्टरांनी आणखी बारीक तपासणी करवली. तोही नव्हता. आपण होऊन त्याला सांगायचं नाही, पण त्यानं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

सेर्वा आधी त्याच्या बायकोला, आफ्रियेला, बाजारात जाऊन भेटली. आफ्रिये कापडाचे गठ्ठे लावत होती. ऐकूनही तिचे हात थांबले नाहीत. लग्नाच्या आधीचं आहे, म्हणाली, मलाही खात्री नव्हती. मीच सांगते त्याला, थोडा वेळ द्या.

तिच्यानं सांगवलं नाही. पुढच्या वेळी ओपोकुनंच विचारलं.

"सिस्टर, सगळ्यांचं सांगितलंत. माझंच राहिलं."

"तुझ्यात काही नाही, ओपोकु. तुझं रक्त निरोगी आहे."

तो हसणार होता, तेवढ्यात त्याला उमगलं. आजार दोघांकडून येतो हे त्याला सेर्वानंच शिकवलं होतं.

"म्हणून दोनदा घेतलंत?"

"हो."

त्यानं पाठीवरची गाठ सोडून ओहेमाला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "मी बाप नसलो तर तिचं औषध बंद होतं का?"

"नाही रे. औषध तिचं आहे."

त्यानं पोरीला पाठीला पुन्हा घट्ट बांधलं आणि निघाला. मुलीला घरी सोडून तो बहिणीकडं राहायला गेला.

त्यानंतर आफ्रिये एकटीच यायची. "माझ्या मदतीसाठीच केलंत ना तुम्ही हे?" एवढंच ती एकदा बोलली.

सेर्वानं डॉक्टरांपुढं विषय काढला, बापांचं रक्त घेणं थांबवा. डॉक्टर तयार होईनात. बाप यायला लागले होते, औषध सुटणारी मुलं कमी झाली होती, एवढी माहिती अर्ध्यावर कशी टाकायची. सेर्वा म्हणाली, बाप येतात ते शिकायला. ते रक्त न देताही शिकतील. पुढच्या मुलासाठी ज्याला जाणून घ्यायचंय तो तपासणी मागेल, आणि त्यातून काय काय उघड होऊ शकतं हे आधी सांगूनच घेऊ. आठवडाभर दोघांचं धड बोलणं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी नियम बदलला. त्याची किंमतही मोजावी लागली. काही सासवांची तोंडं पुन्हा सुटली, दोन-तीन घरांतली औषधं बंद पडली. सेर्वा त्या सासवांना घरी जाऊन भेटू लागली. कुणी ऐकलं, कुणी दारातूनच परत पाठवलं.

एका दुपारी ओहेमा पांढरीफटक पडली, पोट टम्म फुगलं; या आजारात कधीकधी प्लीहेत रक्त साचून असं होतं. आफ्रियेनं फोन केला तो ओपोकुला. भरलेली गाडी तशीच मदतनिसाच्या हवाली करून तो धावला आणि पोरीला उचलून दवाखान्यात आला. रक्त चढवल्यावर संध्याकाळी मुलीनं डोळे उघडले. नवराबायको बाकाच्या दोन टोकांना बसले होते. आफ्रियेनं सूप आणलं, एक वाटी त्याच्याजवळ ठेवली. ती गार होईपर्यंत त्यानं हात लावला नाही. मग प्यायला.

त्यानंतरही तो बहिणीकडंच राहिला. नवराबायकोत कामापुरतंच बोलणं होतं. ओहेमा आता शाळेत जाते. तिला तपासायला कधी आफ्रिये आणते, कधी ओपोकु.