डोरीनच्या पोटातला सैतान

शनिवारी सकाळी आमच्या गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी लोक तिथे पॅनकेक खायला येतात. त्या दिवशी सैतान बघायला आले होते.

टेबलावर पांढरी बशी, बशीत एका ट्रॅक्टरच्या इंजिनाचं काळपट तेल आणि पलीकडे इंजिनांतले सैतान काढणारे ब्रदर लायल. आम्ही त्यांना तेलबाबा म्हणायचो. त्यांनी डाव्या हातात बशी उचलली, उजव्या हातातल्या लाकडी कांडीने तेल ढवळलं आणि गरजले, "नीघ, दुष्टा! या निष्पाप पिस्टनला सोड!"

तेलातून काळं काहीतरी सरसर बशीच्या कडेला सरकलं आणि साळिंदरासारखे काटे फुलवून उभं राहिलं.

"निघाला गं बाई!" मागून कुणीतरी किंचाळलं.

मोठ्या कंपनीने टाकून दिलेली इथली रेल्वे आम्ही कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातली चार गावं मिळून चालवतो. इंजिनं दोन, चालवणारा मी. शनिवारी पॅनकेकही मीच भाजतो. त्यातलं जुनं इंजिन म्हणजे डोरीन. तेलबाबांनी तिचा सैतान मागेच काढला होता आणि वर ताकीद दिली होती, "आता वर्षभर तेल तपासायचं नाही. संशय घेतला की सैतान परत येतो!" आमच्या रेल्वेचा अध्यक्ष ओरेस्ट ह्रिस्को याने त्याच दिवशी तपासणी बंद केली.

तपासणी करायची वर्ना पिडस्कल्नी. डॉक्टर रक्त काढतात तशी ती दर थोड्या दिवसांनी इंजिनातून बाटलीभर तेल काढायची आणि कुठे काय झिजतंय, काय गळतंय ते आधीच सांगायची.

"ओरेस्ट, सोमवारी गव्हाची गाडी निघायचीय," ती रोज त्याच्या मागे लागायची.

"गप गं बाई! तुझ्या बाटलीतून कधी एक तरी चांगली बातमी निघालीय का? ब्रदर निदान 'बरी आहे' असं तरी म्हणतात."

त्या सकाळी मात्र वर्ना लोण्यासारखी मऊ. "ब्रदर, डोरीनची मला फार काळजी वाटते हो. एवढं बघाल का?" असं म्हणत तिने एका कोऱ्या बशीत बाटली उपडी केली. दाट, तपकिरी.

हॉलभर लोणी आणि तळलेल्या डुकराच्या मांसाचा घमघमाट. त्यात कसला वास कळणार? बाबांनी बशी उचलली, ढवळली, गरजले. सैतान या वेळी गोगलगायीच्या चालीने निघाला.

"भलताच हट्टी आहे," बाबा कपाळ पुसत म्हणाले. "हा इंजिनाच्या काळजात बसला होता!"

वर्नाने माझ्या ताटातला पॅनकेक उचलला, बशीच्या स्वच्छ बाजूला बुडवला आणि खाऊन टाकला.

"छान आहे. पॅनकेकवर ओततात तो मेपलचा पाक आहे, ब्रदर. माझ्या फडताळातला."

 मग आमची पोस्टमास्तरीण अशी खिंकाळली की सगळ्यांचाच बांध फुटला.

"पाकालाही पछाडतो सैतान!" बाबा ओरडले.

"हो का?" वर्नाने टेबलावरचा जेवणाचा काटा त्यांच्या डाव्या हाताजवळ नेला. काटा टुणकन उडून त्यांच्या जाड अंगठीला चिकटला. अंगठीत लोहचुंबक होतं. मग तिने ती कांडी हिसकावून टेबलावर आपटली. पोकळ कांडीतून लोखंडाचा काळा भुगा सांडला. "ढवळताना भुगा पडतो, बशीखालची अंगठी त्याला ओढते. एवढाच तुमचा सैतान!"

बाबा कोट सावरत दाराकडे निघाले. काटा अंगठीलाच लटकत होता.

ओरेस्ट मात्र हसला नाही. "पण डोरीन बरी आहे ना?" त्याने हळूच विचारलं.

"सकाळीच मी तिचं तेल काढलंय. तुला न विचारता," वर्ना म्हणाली आणि माझ्या तापलेल्या तव्याकडे वळली.

"अगं, त्यावर नको!" म्हणेपर्यंत तिने नव्या डब्यातल्या तेलाचा थेंब टाकलाच. तो गुपचूप धुरकटला. मग डोरीनच्या तेलाचा थेंब टाकला. तो फोडणीसारखा तडतडला.

"पाणी," वर्ना म्हणाली. "इंजिन थंड ठेवणारं पाणी तेलात झिरपतंय. पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगला सांभाळत नाही. सोमवारी भर माळरानात इंजिन जाम झालं असतं."

सोमवारी ते इंजिन मी चालवणार होतो. मी उलथनं बाजूला ठेवलं आणि तवा बंद केला.

त्या दुपारी डोरीन उघडली. एका सिलिंडरचं रबरी सील फाटलं होतं. ते बदललं, तेल बदललं, दोन दिवस उशिरा का होईना गहू गेला. जुनं तेल काढताना ओरेस्ट वर्नाशेजारी बादली धरून उभा होता. म्हणाला, "ती म्हातारी झालीय, हे मला ऐकायचंच नव्हतं गं."

"अरे, म्हातारी झाली म्हणूनच तर विचारपूस करायची."

मंडळी, संशय घेऊ नका असं जो सांगतो, त्याच्यावर पहिला संशय घ्या. इंजिन असो की आपलं शरीर, दुखणं मंत्राने पळत नाही. तपासलं तर वेळेवर सापडतं. आणि वेळेवर कळलेली वाईट बातमी हीच खरी चांगली बातमी असते.