एका खाटेचं घर

भाच्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला, तेव्हाच आत्यानं ओळखलं की आज आपली काही धडगत नाही. हा मुलगा बँकेच्या कर्जविभागात होता. लोकांना कर्ज का देऊ नये याची कारणं शोधण्याचा त्याला पगार मिळे, आणि घरी आल्यावरही ती खोड जात नसे. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं : 'परदेशातलं सुट्टीचं घर : धोके'. खाली लाल त्रिकोणांची रांगच होती.

"फायदे कुठल्या पानावर आहेत?" आत्यानं विचारलं.

"फायद्यांना पान लागलंच नाही," भाचा म्हणाला.

त्याचा बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, खो खो हसला. भावजयीनं चहाचे कप आणून ठेवले आणि सिनेमा सुरू व्हायचा असावा तशी पाय वर घेऊन बसली.

आत्याची सारी नोकरी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून गेली. तळमजल्यावर, जिन्याला लागून तिची खोली. त्या दारावर केव्हाही टकटक होई. कुणाची किल्ली हरवलेली असे, कुणाच्या पोटात दुखत असे, कुणी रुसून गच्चीवर बसलेली असे, तर कुणाला नुसतंच रडायचं असे. टकटक झाली की आतून 'आले!' असा आवाज यायचाच, मग आत्या आंघोळीत असो की गाढ झोपेत. याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. मुलींवर तिचा जीव होता. निवृत्तीनंतर भावानं तिला मायेनं आपल्या घरी आणलं, वेगळी खोली दिली. आता घरातली इस्त्री, औषधांचं कपाट आणि एकुलता एक मोठा आरसा त्याच खोलीत होता, याला तो बिचारा काय करणार? टकटक सुरूच राहिली.

गेल्या वर्षी ती एका सहलीबरोबर परदेशी गेली. समुद्राकाठच्या एका लहानशा गावात बस थांबली होती. निघताना गाइड तिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही रेक्टर होता ना? जरा माणसं मोजा बरं." तिनं मोजली. एक कमी भरलं. 'थांबा हं, बघून येते,' असं म्हणून ती उतरली आणि चढावरच्या गल्लीत त्या हरवलेल्या माणसाला शोधत गेली. गाइडनं गाडीत डोकावून पाहिलं, सगळे जागेवर दिसले, बस सुटली. कमी भरलेलं माणूस म्हणजे आत्याच होती. दुसऱ्यांची हजेरी घेता घेता स्वतःला मोजायचं तिच्या कधी अंगवळणी पडलंच नव्हतं.

बस तिला न्यायला परत आली तेव्हा दुपार कलली होती. तोवर आत्या गल्लीच्या टोकाला एका बंद घराच्या पायरीवर बसून होती. खाली समुद्र. येणारेजाणारे मान हलवून पुढे जात होते. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही मागितलं नाही. गाइड घामाघूम होऊन माफी मागायला लागला, तेव्हा तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, 'इतक्यात कशाला आलास रे?' त्या घराच्या दारावर ते विकायचं असल्याची पाटी होती. पाटीवरचा फोन नंबर तिनं उतरवून घेतला. तो तिथल्या एका एजंटबाईचा होता.

तर भाचा आता लाल त्रिकोणांवर आला होता.

"पहिलं म्हणजे आत्या, तिथं जमीन परक्या माणसाच्या नावावर होते का? काही देशांत होत नाही. कायदा उद्या बदलला तर?"

"वकिलाला विचारलंय. सध्या होते. उद्याचं तोही सांगू शकत नाही."

"वकील कुणाचा? एजंटबाईनं दिलेला?"

"तेवढी मी बावळट नाही. वेगळा गाठलाय."

"चलनाचा भाव पडला तर? कर दोन्हीकडे भरावा लागला तर?"

"करसल्लागाराकडे जाऊन आले. भाव पडला तर पडला. मला घर विकायचंच नाहीये, मग भाव बघून करू काय?"

"वर्षाचे दहा महिने घर बंद राहणार. ओल येणार, नळ फुटणार, चोर शिरणार."

"चोराला काय मिळणार? खाट?"

"आणि तुझ्यामागे? तिथला वारसाहक्काचा कायदा वेगळा आहे. तिथलं मृत्युपत्र वेगळं करावं लागेल."

"हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं," आत्या म्हणाली. "बरं केलंस सांगितलंस. करते."

भाच्यानं गडबडून पानच बदललं. कर्ज नाकारल्यावर माणसं रडतात, भांडतात, साहेबांना भेटतो म्हणतात. 'बरं केलंस' म्हणणारं माणूस त्याला नवीन होतं.

मग भावानं तोंड उघडलं. "ताई, घ्यायचंच असेल तर ते दुसरं का नाही घेत? त्या बाईनं दोन पाठवलीत ना?"

एजंटबाईनं दोन घरं दाखवली होती हे खरं. एक गल्लीच्या टोकाचं, एका खोलीचं, जुन्या छपराचं. दुसरं नव्या संकुलातलं : दोन बेडरूम, गच्ची, पोहण्याचा तलाव, दारावर पहारेकरी. भाच्यानं त्याचे फोटो लावले, आणि काय सांगावं, खोलीतली हवाच पालटली.

"अगंबाई, गच्ची केवढी!" भावजय म्हणाली.

"इथं धोका कमी आहे," भाचा म्हणाला. त्याचा आवाजही मऊ झाला होता. "देखभाल संकुलवाले करतात. आपण नसू तेव्हा भाड्यानं देता येईल. आत्याला थोडे पैसे कमी पडतील, ते आपण घालू. नावं दोघांची लावू, आत्याचं नि माझं."

"मे महिना आपला," भावजय म्हणाली. "मुलीच्या मुलांना सुट्टी असते. आणि दिवाळी... नाही, वर्षअखेर माझ्या बहिणीला देऊ या, ती केव्हाची म्हणतेय."

"केव्हाची म्हणजे? घर तर आत्ता दिसलं," भाऊ म्हणाला.

"बाहेर जायचं म्हणतेय हो! आणि वन्सं, तुम्ही काय मोकळ्याच. तुम्ही थंडीत जा. शांत असतं."

"थंडीत तिथं सगळं बंद असतं," आत्या म्हणाली.

"म्हणूनच तर शांत!"

चहा निवेपर्यंत सगळं वर्ष वाटून झालं. मघाशी ज्या घरात चोर शिरत होते आणि नळ फुटत होते, तिथं आता भावाची मेहुणी उतरली होती, मुलं पोहत होती आणि गच्चीवर झोपाळाही टांगला गेला होता. शेवटी भाच्यानं प्रेमानं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"किल्ल्या मात्र तुझ्याकडेच राहतील हं, आत्या. कोण येतंय, कोण जातंय, चादरी धुतल्या का, सगळं तुझ्या नजरेखाली. रेक्टर घरचीच असताना बाहेरचा माणूस कशाला?"

सगळे हसले. आत्याही हसली. मग उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून खाटेवर बसली.

टकटक. "आले!"

भावजयीला इस्त्री हवी होती. मग भाच्याला आरशात शर्ट बघायचा होता. मग पुन्हा भावजय, डोकेदुखीची गोळी न्यायला. तिच्यामागे दार लावून आत्या तशीच दाराशी उभी राहिली. उगाच बसा, पुन्हा उठा, कशाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी एजंटबाईचा व्हिडिओ कॉल ठरला होता. सगळं घर टीव्हीसमोर जमलं. भावजयीनं तर साडीसुद्धा बदलली होती. एजंटबाई संकुलाबद्दल भरभरून बोलू लागली, तेव्हा आत्यानं हात वर करून तिला थांबवलं. वर्गात गलका झाला की मास्तर करतात तसा.

"लहान घर," ती म्हणाली. "टोकाचं. कागद तयार करा. नाव माझं एकटीचं."

एजंटबाई गोंधळली. मोठ्या घरावर तिलाही जास्त दलाली मिळणार होती. संपर्क तुटायच्या आतच इकडे हलकल्लोळ झाला.

"आत्या, त्याचं छप्पर गळतं!"

"फोटोत दिसलं मला."

"चढ आहे! तुझे गुडघे?"

"हळू चढेन."

"भाडं यायचं नाही, परत विकलं जायचं नाही. एकच खोली, एकच खाट. आम्ही आलो तर झोपायचं कुठे?"

आत्या नुसती त्याच्याकडे बघत राहिली. भाचा तसा हुशार; त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे आम्ही नकोच आहोत," भावजयीनं नाकाला पदर लावला. "आमचं काय चुकलं हो, वन्सं? कधी दुखवलं तुम्हाला?"

"कधी नाही. तुझ्यासारखी भावजय दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. पण मे महिना माझा होता गं. सगळेच महिने माझे होते. तुम्ही ते माझ्यादेखत वाटून घेतलेत, आणि वर मला किल्ल्या सांभाळायला सांगितल्यात."

भाऊ खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. तो आता हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, धोके, कायदे, ते सगळं जाऊ दे. तिथं तुला काही झालं तर? एकटीच पडून राहशील."

हाच एक धोका होता ज्यासाठी पडद्यावर त्रिकोण नव्हता.

"समोर दुकान आहे. दुकानवालीला एजंटबाईकरवी सांगितलंय, सकाळी खिडकी उघडलेली दिसली नाही तर येऊन बघ. ती येईल. आणि उशीर झाला तर झाला. मी काही मरायला चालले नाही रे. बसायला चालले आहे."

"बसायला इथं काय कमी आहे?"

"दार," आत्या म्हणाली.

भावाला ते समजलं की नाही, कोण जाणे. पण विमानतळावर सोडायला तोच आला, आणि तिची बॅग त्यानं शेवटपर्यंत हातातून सोडली नाही.

घर भाच्यानं सांगितल्याबरहुकूम निघालं. छप्पर गळत होतं, बरोबर खाटेवर. आत्यानं खाट सरकवली आणि तिथं बादली ठेवली. नळाला लाल पाणी येई. चढावर तिला मध्येच दम खायला थांबावं लागे. छपरवाल्याला तिनं निरोप धाडला; तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. रोज सकाळी ती खिडकी उघडायची, समोर दुकानवाली हात हलवी, आणि दिवसभराचं बोलणं तेवढ्यावर भागे.

एके दिवशी सकाळी ती चहा घेऊन खिडकीशी बसली होती. हातातलं पुस्तक चांगलं रंगलं होतं. इतक्यात दारावर टकटक झाली.

"आले!" म्हणत आत्या उठलीसुद्धा. खोलीच्या मध्यापर्यंत गेली आणि थबकली. खिडकी उघडी होती, तेव्हा दुकानवाली नव्हे. पुन्हा टकटक झाली, जरा जोरात. ती दाराकडे गेली नाही. वसतिगृहात असं कधी झालं नव्हतं, एकदाही नाही. ती पाऊल न वाजवता मागे आली, खुर्चीत बसली आणि कप उचलला. तिसऱ्यांदा टकटक झाली. मग बाहेर कुणीतरी काहीबाही पुटपुटलं, आणि पावलं चढ उतरून गेली.

तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस वळणाशी दिसेनासा होत होता.

आत्या हसायला लागली. चहा बशीत सांडला, तरी हसू थांबेना.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "आत्या, तो छपरवाला आला का गं?"

"आला होता."

"अरे वा! मग?"

बादलीत थेंब पडला. टप्.

"मग गेला," आत्या म्हणाली आणि पुस्तकाचं पान उलटलं.